मागं कोण राखत होतं?

आसराबाईच्या उजव्या अंगठ्याचं नख वाढवलेलं असायचं. नटण्यासाठी नव्हे, ते तिचं अवजार होतं. वडीगोद्रीच्या शिवारात श्रावण सरत आला की कपाशीच्या बियाण्याचे प्लॉट फुलावर येतात आणि बायांच्या नखांना काम लागतं. संध्याकाळी मादीच्या ओळीतली, उद्या उमलणारी कळी हेरायची. नखानं पाकळ्यांची गुंडाळी आणि आतले परागाचे दाणे अलगद सोलून काढायचे, मधली काडी तेवढी उभी ठेवायची आणि तिच्यावर लाल कागदाची टोपी चढवायची. सकाळी टोपी काढून नराच्या ओळीतलं फूल त्या काडीवर फिरवायचं आणि क्रॉस झाल्याची खूण म्हणून दोरा बांधायचा. हे सगळं ऊन चढायच्या आत. एकदा ऊन चढलं की काडी सुकते, आणि मग ती कळी कुणाचीच राहत नाही. गळून मातीत पडते.

याला तिकडे क्रॉसिंग म्हणतात. मालकीण उषाबाईंच्या प्लॉटवर क्रॉसिंग करणाऱ्या बायांची मुकादम आसराबाई होती. तिच्या जिभेला पूर्वी नखापेक्षा जास्त धार होती. एखादीनं कळी सोलताना काडी मोडली तर आसराबाई तिच्या माहेरापर्यंत जाऊन यायची. बाया तिला भ्यायच्या, आणि ते तिला आवडायचं.

मग सुनेचं, रेणूचं, पहिलं बाळंतपण अडलं. तिला नवीन जालन्यातल्या एका दवाखान्यात नेलं. दुपारभर आसराबाई व्हरांड्यातल्या बाकड्यावर बसून होती. तिथली शालू सिस्टर ख्रिस्ती होती. ड्यूटी संपली तरी ती घरी गेली नाही, आसराबाईशेजारी येऊन बसली. धीर देताना तिनं येशूनं सांगितलेली एक गोष्ट सांगितली. एका मेंढपाळाची शंभर मेंढरं होती, एक हरवलं, तर तो बाकीची नव्व्याण्णव सोडून त्या एकामागं गेला, आणि सापडलं तेव्हा खांद्यावर टाकून आणलं.

आसराबाई सरळ होऊन बसली. "हे तं माझ्या बापाचं झालं."

तिचा बाप मेंढरं राखायचा. आसरा लहान असताना कालव्याच्या कडेनं चारता चारता एक लंगडी मेंढी मागं राहिली. अंधार पडत आला होता, शिवारात लांडगा फिरत होता. बाप एकटा माघारी गेला आणि तिला खांद्यावर घेऊन आला. लोक हसले. लंगडीसाठी कोण जातं? येडा हाय, म्हणाले.

"देव असा असतो म्हणता तुम्ही?" आसराबाईनं विचारलं. "माझ्या बापावाणी?"

"हो."

"मंग मला त्याच्याविषयी अजून सांगा."

रेणू सुटली, नातू झाला. पण आसराबाई पुढं नेहमी सांगायची की नातू झाला म्हणून नव्हे. तो झाला नसता तरी मी येशूकडं गेलेच असते. ज्याला लोक येडा म्हणले तसल्या देवाला मी पहिल्यांदा भेटले होते.

नवरा धुळाजी भांडला नाही. त्याचा स्वभाव उन्हात बसलेल्या दगडासारखा, तापायला वेळ लागायचा आणि निवायलाही. मेंढरं विकून त्याला बरीच वर्षं झाली होती. चारणीची रानं संपली, आता दोन-तीन शेळ्या आणि मजुरी. तो म्हणाला, "बिरोबा माझा, येशू तुझा. चूल एकच." एवढ्यावर त्यानं विषय मिटवला. फक्त त्या गोष्टीवर त्याची एक शंका होती.

"नव्व्याण्णव सोडून गेला?"

"व्हय."

"मागं कोण राखत होतं?"

 जन्मभर मेंढरांमागं फिरलेल्या माणसाचा सवाल होता तो. कळप कधी एकटा सोडत नाहीत. वाघर, म्हणजे मेंढरांभोवती लावायची जाळी, ती लावलेली असली तरी तिच्या तोंडाशी कुणीतरी उभं लागतं. पुढं एकदा जालन्याच्या चर्चचे पाळकसाहेब घरी आले, तेव्हा धुळाजीनं त्यांनाही हेच विचारलं. पाळकसाहेब हसले, चहा प्याले आणि विचार करून सांगतो म्हणाले. त्यानंतर ते आले की धुळाजी उंबऱ्यावरूनच विचारायचा, "सायेब, कळलं का?" आणि ते म्हणायचे, "अजून नाही, बाबा."

दोन वर्षांत आसराबाई बदलली. मुळातून बदलली असं म्हणायला हवं, कारण वरून काहीच दिसत नव्हतं. कुंकू होतं, लुगडं तेच होतं. वाचता येत नव्हतं, म्हणून ती रविवारी ऐकलेली गोष्ट आठवडाभर ओळीतून चालताना मनात घोळवायची. शिव्या थांबल्या. ज्या बायकांना ती बोलली होती त्यांच्या दारी एकेक करून गेली, फार काही न बोलता बसून आली. प्लॉटवर एखादी कळी सोलायची राहून जाते आणि सकाळी फूल होऊन डोळ्यांसमोर उभी राहते. आपल्याच परागानं भरलेल्या अशा फुलाला गुपचूप दोरा बांधला तर कुणाला काही कळत नाही. आसराबाई ते खुडायची आणि मोठ्यानं म्हणायची, "ही माझी चुकली." मुकादमानं असं म्हणायचं म्हटल्यावर बाकीच्याही म्हणू लागल्या. त्या प्लॉटच्या बियाण्यात खोट निघाली नाही, आणि उषाबाई त्याचं श्रेय खताला देत राहिल्या.

पण चांगलं होत जाणाऱ्या माणसाला आपल्या चांगलेपणाची गोडी लागते, आणि ती गोडी जिभेवरून लवकर जात नाही. आसराबाई रविवार पाळू लागली. फुलं काही रविवार पाळत नाहीत. शनिवारी संध्याकाळी सोललेल्या कळ्या रविवारी सकाळी वाट पाहत उभ्याच असतात. मग ती शनिवारी घरी जाताना गिरिजाबाईला सांगायची, "गिरजे, उद्या माझ्या ओळी पाह्य." आणि निघायची.

गिरिजाबाई तिची शेजारीण. दोघी एकाच वर्षी नवऱ्या होऊन गावात आलेल्या. गिरिजाबाई कधी हो म्हणायची नाही, कधी नाही म्हणायची नाही.

"निंघाली पाळकीणबाई," दुसरी एखादी म्हणायची. "गिरजे, तुला सोर्गात अर्धी खोली हाय बघ."

"मला कशाला सोर्ग," गिरिजाबाई म्हणायची. "तिथं बी कपाशी असंल तं?"

सगळ्या हसायच्या. आसराबाईही हसायची. त्या हसण्याच्या खाली काय आहे, तिथं तिचं नख पोचलं नव्हतं.

त्या वर्षी तिचा बाप्तिस्मा ठरला. तिची दोन वर्षांची इच्छा होती ती. आणि खरी इच्छा त्याहून मोठी होती. धुळाजीनं तिथं असावं. त्यानं विश्वास ठेवावा असा तिचा हट्ट नव्हता. मागच्या बाकावर बसावं, एवढंच.  महिनाभरानं एक दिवस शेळीची दोरी सोडता सोडता तो म्हणाला, "येतो. पण एकदाच. दाढी काय पुन्हा पुन्हा करून घेणार न्हाई."

आसराबाईला माहीत होतं, हा माणूस एकदा म्हणाला म्हणजे एकदाच.

तो रविवार ऐन क्रॉसिंगात आला. शनिवारी संध्याकाळी तिनं भरभर कळ्या सोलल्या, टोप्या चढवल्या आणि निघताना सांगितलं, "गिरजे, उद्या माझ्या ओळी पाह्य. उद्या तं पाह्यच." गिरिजाबाई पाठमोरी होती. तिनं मान हलवली.

सकाळी दोघं निघाले. आसराबाईच्या अंगावर नवं पांढरं लुगडं, धुळाजीचा पटका धुतलेला, गाल गुळगुळीत. फाट्यावरून काळीपिवळी जीप धरायची होती, आणि फाट्याची वाट उषाबाईंच्या प्लॉटच्या बांधावरून जात होती.

बाया अजून वरच्या अंगाला होत्या. खालच्या ओळीत एकटी गिरिजाबाई होती. ती डाव्या हातानं फूल फिरवत होती. डाव्या हातानं हे काम कुणी करत नाही. आसराबाई थांबली. गिरिजाबाईच्या उजव्या अंगठ्याला चिंधी गुंडाळलेली होती आणि चिंधी पिवळी पडली होती.

"गिरजे, अंगठ्याला काय झालं?"

"काय न्हाई. नख उपटलं."

"कधी?"

"झाले चार-दोन दिवस."

"आन मला सांगितलं न्हाई?"

गिरिजाबाईनं लाल टोपी काढली, फूल फिरवलं, दोरा बांधला. मग म्हणाली, "तू इचारलं कधी? तू सांगतीस. माझ्या ओळी पाह्य. सांगतीस आन निंघतीस. देवाकडं जाणाऱ्या बाईला अडवावं का मी?"

आसराबाईनं ओळीकडे पाहिलं. गिरिजाबाई तिच्याच, आसराबाईच्याच ओळीत उभी होती. शेजारी गिरिजाबाईची स्वतःची ओळ तशीच लाल टोप्या घालून ताटकळत होती, आणि पूर्वेकडं ऊन कपाशीच्या शेंड्याला लागलं होतं.

"तुझी सोडून माझी काहून करून राह्यली आधी?"

"तुझं फूल गळालं तं लोक म्हणतील येशूमागं गेली म्हणून गळालं. माझं गळालं तं काय, गिरजीचं गळालं."

एवढं बोलून ती पुढच्या झाडाकडं सरकली.

आसराबाई बांधावर उभी राहिली. तिला आतून काहीतरी सोलून निघाल्यासारखं झालं. कालव्याची ती संध्याकाळ तिनं किती जणांना सांगितली होती. खांद्यावर लंगडी मेंढी घेऊन येणारा बाप. ती तेव्हा एवढीशी, तो दुरून येताना दिसला म्हणजे ती कुणाच्या तरी कडेवर होती. कुणाच्या? इतकी वर्षं तिनं फक्त वाटेकडे पाहिलं होतं, जिच्या कडेवरून पाहिलं तिच्याकडे नाही. वाघरीच्या तोंडाशी काठी घेऊन माय उभी होती. एका हातात काठी, एका हातावर पोर, आणि मागं सगळा कळप श्वास घेत होता. बाप परत आला तेव्हा लोक त्याला हसले. मायला कुणी हसलं नाही, की काही म्हणालं नाही. ती तिथं आहे हेच कुणाच्या लक्षात नव्हतं.

तिनं पिशवी बांधावर ठेवली आणि पांढऱ्या लुगड्याचा ओचा खोचला.

फाट्याकडून हॉर्न वाजला. "गाडी आली," धुळाजी म्हणाला.

"जाऊ द्या."

"आगं, आज तुझा बाप्तिस्मा हाय."

"मला ठावं हाय."

"मंग ही दाढी?"

 हा माणूस पुन्हा येणार नाही, हे तिला कळत होतं. त्याच्याकडे न पाहता ती गिरिजाबाईच्या ओळीत शिरली आणि पहिली टोपी काढली. "गिरजे, मी तुझी करते. माझी राहू दे, जेवढी होईल तेवढी होईल. बोलतील त्यांना बोलू दे." गिरिजाबाई काहीतरी पुटपुटली. येडी, असं काहीतरी.

थोड्या वेळानं आसराबाईला नराची फुलं कमी पडली. तोडून आणायला जावं तर तेवढ्यात ऊन चढणार. तिनं वर पाहिलं. धुळाजी नराच्या ओळीत उभा होता. धुतलेला पटका सोडून त्याची झोळी केली होती आणि तो एकेक फूल तोडून तिच्यात टाकत होता. बायकांच्या कामाला त्यानं उभ्या जन्मात हात लावला नव्हता. वरच्या अंगाच्या बाया फुलं फिरवायचं विसरून त्याच्याकडे पाहत होत्या.

"मामा, पटक्याला काय झालं?" एकीनं हाक दिली.

"फुलावर आला," धुळाजी म्हणाला.

तो झोळी घेऊन आला आणि आसराबाईच्या मागं मागं चालू लागला. तिनं हात मागं केला की हातात फूल. बरंच अंतर ते असे गेले. मग ती मागं न वळता म्हणाली, "माय होती."

"काय?"

"तुम्ही इचारता न, मागं कोण राखत होतं. माय होती. वाघरीच्या तोंडाशी. मी तिच्या कडेवर होते."

 पुढचं फूल धुळाजीनं तिच्या हातात दिलं आणि म्हणाला, "मंग बराबर हाय."

गिरिजाबाईची ओळ झाली. आसराबाईच्या ओळीतल्या शेवटच्या काही कळ्या उन्हानं नेल्या. त्या पुढं गळाल्या, आणि लोक जे बोलायचं ते बोललेच. आसराबाईनं ऐकून घेतलं. दुपारी तिनं शालू सिस्टरला फोन लावला आणि येता आलं नाही, एवढंच सांगितलं. पुढचा बाप्तिस्मा नाताळाच्या आधी, असं कळलं. तिनं धुळाजीला ते सांगितलं, पण काही मागितलं नाही. त्या हंगामातले उरलेले रविवार ती प्लॉटवरच होती. ओळीतून चालताना ओठ हलायचे. एकदा एका बाईनं विचारलं, चर्चला न जाता कसं चालतं तुझं? आसराबाई म्हणाली, "इथं गिरजा हाय. तिच्याकडून शिकून राह्यले."

वेचणी संपली, थंडी पडली. बाप्तिस्म्याच्या दिवशी सकाळी ती पांढरं लुगडं नेसून बाहेर आली तर अंगणात धुळाजी उभा होता. गाल गुळगुळीत. पटक्यावर फुलांचे पिवळे डाग धुऊनही राहिले होते.

 फाट्यापर्यंत दोघं गेले. गाडी दिसली तसा तो थांबला.

"शेळ्यांकडं कोण हाय?"

"गिरजा."

"तिला सांगितलं?"

"इचारलं."

"काय म्हणली?"

"जा म्हणली. येताना जालन्याची जिलबी आण म्हणली."

धुळाजीनं मान हलवली आणि आधी तिला गाडीत चढू दिलं.