एक घास बकरीचा

सांगा, सांगा म्हणून पाठी लागलात म्हणून सांगतो. नाहीतर नळाजवळ बसणाऱ्या म्हाताऱ्याला कोण विचारतं? चिंचणीजवळ हेमंतभाऊंची चिकूची वाडी आहे, तिथे मी आधी झाडांना पाणी घालायचो. मग भाऊंनी शेळ्या, ससे, बदकं आणि एक गाय-वासरू आणलं आणि वाडीचा पिकनिक पॉइंट केला. रविवारी बोईसरची पोरं येतात, जनावरांना हात लावतात. बाहेर जाताना त्यांचे हात साबणाने धुवून घ्यायचे, हे माझं काम. किस्से त्या नळावरच साचले. लोक ऐकून हसतात. माझी मात्र झोप उडते.

* * *

एक बाई लेकराला घेऊन नळापुढून सरळ निघाली. पोराचा पंजा शेणाने भरलेला. हाक मारली, तर पर्समधून बाटली काढून त्यावर दोन थेंब टाकले.

"सॅनिटायझर आहे काका. सगळे जंतू मरतात."

म्हटलं, "जंतू मेले असतील बाई, शेण जिवंत हाय."

* * *

दुसरी तर शेळ्यांच्या कुंपणातच दहीभाताचा डबा उघडून बसली. हा घास चिऊचा, हा घास काऊचा, पोरगं तोंड उघडेना. मग म्हणाली, हा घास बकरीचा. बकरीने ऐकलं आणि डब्यात तोंड घातलं. आई खदाखदा हसली आणि पुढचा घास त्याच डब्यातून पोराकडे निघाला. मी डबाच ओढून घेतला.

"काका, बाळाचा घास हिसकावलात!"

"बाळाचा नाय, बकरीचा."

त्या दिवसापासून कुंपणात डबा दिसला की आधी झाकण लावतो, मग बोलतो.

* * *

एक बाप कारखान्यातला, हिंदी बोलणारा. पोरगं मूठ तोंडाकडे नेत होतं. मी ओरडलो, तर मलाच समजावतो, "चाचा, मिट्टी से बच्चा मज़बूत होता है."

मी पोराची मूठ उघडून दाखवली. आत लेंड्या. पोराच्या आधी बाप नळावर पोचला.

* * *

सफाळ्याच्या एका शाळेच्या बाई आल्या होत्या. पोरांना रांगेत उभं केलं, मी एकेकाचे हात तपासले. शेवटी बाई म्हणाल्या, "काका, तुमचे?"

मी नुकताच बोकडाला कुरवाळून आलो होतो. सगळ्या शाळेसमोर धुतले.

* * *

आता वासराचं सांगतो. त्याला हगवण लागली होती. ढोरांचे डॉक्टर म्हणाले, बरं होईपर्यंत लहान पोरांना याच्याजवळ सोडू नका, त्यांनाही लागेल. मी ते विहिरीमागे बांधलं आणि वाटेवर काट्या टाकल्या.

रविवारी भाऊंच्या नातीचा, स्वराचा, वाढदिवस होता. पाहुण्यांना वासरासोबत फोटो हवा. मी म्हटलं, नाय सोडणार. पाहुण्यांसमोर भाऊ म्हणाले, "नळावर बसवलं तर तुम्ही डॉक्टर झालात काय, जनूकाका?" सगळे हसले. भाऊंनी स्वतः काट्या बाजूला करून वासरू आणलं.

स्वराने आजीने शिकवलं तसं केलं. वासराच्या शेपटीला हात लावला, तो डोळ्यांना लावला, मग ओठांना. मी तिला उचलून नळावर नेलं. ती रडू लागली, तर भाऊंनी माझ्या हातातून ओढून घेतली. म्हणाले, आजच्या दिवशी पोरीला रडवू नका. त्याच हाताने तिने केक खाल्ला.

नंतर पोरीला ताप आला, जुलाब थांबेनात. बोईसरला दवाखान्यात सलाईन लावलं. मला कोणी काही सांगेना. भाऊंचा फोन वाजला की ते चिकूच्या झाडामागे जात आणि मी त्यांच्या पाठीकडे बघत बसे. पाठीवरून काय कळणार?

पोरगी बरी होऊन आली, पण फ्रॉक खांद्यावरून घसरत होता. गाडीतून उतरली ती सरळ नळावर. साबण मागितला, बोटांच्या फटी धुतल्या, मग वळून म्हणाली, "आजोबा, तुमचे?"

भाऊंनी माझ्यापुढे दोन्ही हात धरले. मी साबण दिला. कोपरापर्यंत चोळले, नजर पाण्यात.

"झाले का, जनूकाका?"

म्हटलं, "नखं राहिली."

नखंही धुतली.