कूपर आडनावाचा दगड

रॉटरडॅमच्या आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहणारे इंग्रज आजोबा आधी आडनाव सांगत, तेही इतिहासासकट. "कूपर. म्हणजे पिंपं बनवणारा. हा शब्द इथूनच, या किनाऱ्यावरून इंग्लंडात गेला आणि तिथे आमच्या घराण्याला चिकटला. मी त्याला परत घरी आणलंय." पोस्टमनलाही हेच ऐकवायचे. आम्ही मराठी पोरं त्यांना पिंपवाले आजोबा म्हणायचो.

भाडेकरूंच्या हक्कांची पत्रकं वाटत मी त्यांच्या दारात गेले, तर त्यांनी माझं आडनाव विचारलं. मी फटकन म्हणाले, "आमच्याकडे आडनाव विचारतात ते माणसाला कुठे बसवायचं हे ठरवायला." त्यांनी स्वतःची खुर्ची पुढे सरकवली. "इथे बस. आणि सांगू नकोस."

उभी हयात बंदरात गेली, तरी त्यांना डच येत नव्हतं. येणार कसं? तोंड उघडलं की समोरचा इंग्रजीवर येतो. "फार सभ्य लोक, पोरी. मला शिकूच देत नाहीत."

दर रविवारी ते बायकोच्या कबरीवर जात. मूलबाळ नाही, भाऊ नाही. "माझ्यामागे हे आडनाव तिच्या दगडावर तेवढं राहील," म्हणायचे. एकदा मला सोबत नेलं. कबरीशेजारी छोटी डच पाटी होती.

"ती माळ्याची. पाणी घालण्याबद्दल काहीतरी. वर्षभर आहे."

मी वाचली. या देशात कबरीची जागासुद्धा मुदतीवर मिळते. मुदत संपली होती. नातेवाइकांनी संपर्क साधावा, नाहीतर कबर काढण्यात येईल. दिलेली तारीखही उलटून गेली होती.

मी दफनभूमीच्या कचेरीत जाऊन भांडले. अक्षरशः टेबल बडवलं. बाई शांतपणे म्हणाली, जागा दुसऱ्या कुटुंबाला दिली आहे. हवा तर दगड घेऊन जा.

"खाली ती नसेल, तर दगड घेऊन काय करू?" आजोबा म्हणाले.

परतताना ट्राममध्ये त्यांनी विचारलं, "तुमच्यात काय करतात?"

"जाळतात. राख नदीत सोडतात."

"आणि दगड?"

"नसतो."

"बरं करता. कुणाला उचलायला काही ठेवतच नाही."

हिवाळ्यात ते गेले. त्यांच्या सांगण्यावरून आम्ही इमारतीतल्या तिघा मराठी पोरांनी राख मास नदीत सोडली. घरी येऊन मी पत्रक लिहायला बसले. मथळा सुचला, शिव्याही सुचल्या. पण जाब विचारायचा कुणाला? नियम सगळ्यांना सारखाच होता.