ओठांपुरती पेज

वेंगुर्ल्याच्या एसटी स्टँडवर आईने मला निरोप दिला तो अट घालूनच. "काय शिकाचा ता शिक, पण बारक्या पोरांच्या वॉर्डात जाव नको. तुज्यान बघवचा नाय." मी मान डोलावली आणि परळला नर्सिंग शिकायला आले. आज त्याच परळला मी नर्सिंगच्या मुलींना नेमकं तेच शिकवते. जी मुलं बरी होणार नाहीत, त्यांचे उरलेले दिवस सुखाचे कसे करायचे, ते. पॅलिएटिव्ह केअर. गावी अजून सगळ्यांना वाटतं, मी लसी टोचते.

परळची गंमत अशी की इथे पेशंट बाहेरगावचा, नर्स बाहेरगावची आणि शिकवणारी मीही. म्हणून पहिल्या तासाला मी पुस्तक उघडत नाही. विचारते, तुमच्या घरी आजारी मुलाला काय भरवतात? केरळची लिन्सी म्हणाली, कंजी. भंडाऱ्याची म्हणाली, पेज. मणिपूरच्या मुलीने फळ्यावर एक शब्द लिहिला, तो आम्हाला धड म्हणताही येईना. शेवटी सगळीकडे भाताचं पाणीच. मला याचं अजून नवल वाटतं.

मग वॉर्डात सोनी आली, बिहारची, सहा वर्षांची. तिचे शेवटचे दिवस होते. गिळताना घास फुफ्फुसात जायचा, म्हणून तोंडाने काही द्यायचं नव्हतं. तिची आई मात्र दादरच्या धर्मशाळेतून भाताचं पाणी करून आणायची आणि वाटी घेऊन बसायची. "भूखी कैसे रखूँ इसको?" भरवलं तर पोर गुदमरणार, अडवलं तर आईला जन्मभर वाटणार, मी लेकीला उपाशी धाडलं. शेवटच्या दिवसांत भूक राहत नाही, हे आईला समजवायचं, असा आमचा धडा. मी लिन्सीला पाठवलं.

लिन्सीने धडा दिलाच नाही. मोडक्या हिंदीत विचारलं, "सोनी को कैसा अच्छा लगता है?" आई म्हणाली, "नमक ज़्यादा." लिन्सीने माझ्याकडे पाहिलं, मी मानेनेच हो म्हटलं. तिने त्या पाण्यात कापसाचा बोळा भिजवला, घट्ट पिळला आणि आईच्या हातात दिला. आईने तो लेकीच्या ओठांवरून फिरवला. सोनीने जीभ बाहेर काढून ओठ चाटले. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

सोनी गेली त्या दुपारी तिची आई वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसली होती, मांडीवर सकाळचा डबा तसाच. लिन्सी शेजारी जाऊन बसली. बाईने तिच्याकडे बघितलं. "तुमने कुछ खाया?" लिन्सीने नाही म्हटलं. बाईने डबा उघडला, झाकणात पेज ओतली आणि झाकण लिन्सीच्या तोंडाला लावलं.

गावी राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारख्या निघालेल्यांनो, घर कुठे असं कोणी विचारलं की पूर्वी मी गावाचं नाव सांगायचे. आता आधी तो बाक डोळ्यांसमोर येतो. बिहारची आई केरळच्या पोरीला पेज पाजतेय, आणि मी बाजूला उभी राहून माझा नंबर लागायची वाट बघतेय.