दारात आलेली शैक्षणिक धोरणं

आयर्लंडमध्ये कोणी न सांगता दारात येत नाही. शेजारी आधी मेसेज टाकतात, आणि आपली मराठी मंडळी गाडीतूनच फोन करतात, "अगं, पार्किंग कुठे करू?" त्यामुळे सँट्रीतल्या आमच्या घराची बेल वाजली की एक तर पार्सल असतं, नाही तर निवडणुकीच्या दिवसांत उमेदवार. आमच्या वसाहतीतली बाकीची घरं उमेदवार दिसला की पडद्याआड जायची. मी मात्र त्यांची वाट बघायचे.

कारण माझ्या मुलीला शाळा नव्हती. सहा वर्षांची होती. तिला ऑटिझम आहे. साध्या वर्गात काही आठवडे ठेवून पाहिलं, पण डबा खायच्या सुट्टीआधीच फोन यायचा, तिला न्यायला येता का. शेवटी मुख्याध्यापिकाबाई फार गोड शब्दांत म्हणाल्या, हिला छोटा स्पेशल क्लास हवा आणि तो आमच्याकडे नाही. ज्यांच्याकडे होता त्यांच्याकडे जागा नव्हती. सगळे इतक्या मनापासून सॉरी म्हणायचे की भांडायचीही सोय उरत नसे. मी घरून केक करून विकते. मी ओव्हनपाशी आणि ती मागे जमिनीवर डब्यांची झाकणं रांगेत लावत बसलेली, अशी आमची शाळा चालली होती.

कौन्सिलची, म्हणजे इथल्या महापालिकेची, निवडणूक लागली तेव्हा सासूबाई नागपूरहून आल्या होत्या. त्या निवडणुकीत इथे राहणाऱ्या कोणालाही मत देता येतं, पासपोर्ट कुठलाही असो. हे कळल्यावर त्यांच्या अंगात बळ आलं.

"मंग रडून काऊन राहिली तू? नगरसेवकाले धर. शाळा त्याच्याच हातात राहते," त्या म्हणाल्या.

मला ते पटलं. मी पुण्याची. महापालिका म्हटली की तिच्या शाळा आल्याच, आणि शाळा आल्या की नगरसेवकाचा शब्द आला. हे इतकं अंगवळणी पडलेलं होतं की इथे कोणाला विचारून घ्यावं असं माझ्या डोक्यातही आलं नाही. आयटीत वीस-वीस देशांच्या लोकांशी बोलणाऱ्या नवऱ्याच्याही आलं नाही.

मग आम्ही धोरणांचा अभ्यास सुरू केला. नवरा ऑफिसातून आला की आम्ही दोघी त्याला पत्रकं वाचायला बसवायचो. आमच्या भागात तिघांचा जोर होता. एक तरुण उमेदवार म्हणत होता, प्रत्येक प्राथमिक शाळेत स्पेशल क्लास हवाच. दुसरे एक वयस्क गृहस्थ म्हणत होते, मुलाला आपल्या परिसरातच शाळा मिळाली पाहिजे. तिसऱ्या बाई थेरपिस्ट शाळेतच नेमा म्हणत होत्या. मी प्रत्येकाच्या मुद्द्यावर मान डोलवत होते.

सासूबाई शेवटी म्हणाल्या, "सारेच हो म्हणून राहिले. मंग यांचं भांडण कायचं आहे?"

"भांडण नाहीये आई. सगळ्यांचं एकमत आहे," नवरा म्हणाला.

तिथेच मी सावध व्हायला हवं होतं. ज्या कामावर सगळ्यांचं एकमत असतं ते काम कोणीच करत नाही, हे सोसायटीच्या मीटिंगा पाहिलेल्या कुठल्याही माणसाला ठाऊक असतं. पण गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, ते खरंच आहे.

ते वयस्क गृहस्थ एका दुपारी आले. मी त्यांना मुलीचं सगळं सांगितलं. पावसाची भुरभुर होती, ते तसेच पायरीवर उभे राहून ऐकत होते. दोन-तीन प्रश्न विचारले. तेवढ्यात माझ्यामागून सासूबाई तबक घेऊन आल्या. आपल्याकडे प्रचाराला आलेल्या उमेदवाराला बायका दारात ओवाळतात, तसं त्यांनी त्या गृहस्थांना ओवाळलं. निरांजन वाऱ्याने दोनदा विझलं, दोनदा पेटवलं. त्यांनी बिचाऱ्यांनी टोपी काढून कपाळ पुढे केलं, कुंकू लावून घेतलं, हात जोडले. प्रचाराला बरोबर आलेल्या पोरीने फोटो काढला. मी शरमेने अर्धी झाले आणि खरं सांगायचं तर आतून सुखावलेही. वाटलं, ओवाळून घेतलेला माणूस आता पाठ कशी फिरवेल. ते कुंकू न पुसता पुढच्या प्रत्येक घरी गेले, हे मी खिडकीतून पाहिलं.

आम्ही दोघांनी त्यांना पहिल्या पसंतीचं मत दिलं. ते निवडून आले. सासूबाईंनी शिरा केला.

नंतर ते दर आठवड्याला कम्युनिटी सेंटरमध्ये लोकांना भेटत, तिथे मी मुलीला घेऊन गेले. त्यांनी मला लगेच ओळखलं. आजी कशा आहेत, विचारलं. मग खुर्ची जवळ ओढून म्हणाले, "मी तुमच्याशी खोटं बोलणार नाही. इथे शाळा कौन्सिलच्या हातात नसतात. ते सगळं सरकारचं, मंत्र्यांचं काम. मी शब्द टाकीन, पण माझ्या शब्दाला तिथे वजन नाही."

"मग तुमच्या पत्रकात ते होतं कशाला?" मी विचारलं.

"कारण दारोदार लोक तेच विचारतात," ते म्हणाले.

मला त्या माणसाचा राग यायला हवा होता. तो यायचा तेव्हा स्वतःचाच यायचा, आणि तो कुठे ठेवावा हे कळायचं नाही. घरी येऊन सासूबाईंना सांगितलं तर त्यांचा विश्वासच बसेना. "नगरसेवकाच्या हातात शाळा नाही तर मंग आहे तरी काय त्याच्या हातात?" मी म्हटलं, कचऱ्याचे डबे आणि फूटपाथ. त्या महिन्यातच त्या परत गेल्या.

मग सरकारची निवडणूक आली. पुन्हा खांबाखांबावर उमेदवारांचे चेहरे लागले आणि पुन्हा बेल वाजू लागली. या वेळी येणारे खरोखरच शाळा देऊ शकणारे होते, निदान देणाऱ्यांच्या जवळचे तरी. एक उंच, हसरा उमेदवार आला. मी दार उघडल्या उघडल्या स्पेशल क्लासबद्दल बोलायला लागले. त्याने ऐकलं, मान हलवली, म्हणाला, हा तर आमचा पहिला मुद्दा आहे. मग सहज विचारलं, "तुमचं नाव मतदार यादीत आहे ना?"

मी सांगितलं, या निवडणुकीसाठी नाही. आमचे पासपोर्ट भारतीय आहेत, नागरिकत्वाचा अर्ज केलाय, उत्तर यायचंय.

"अच्छा. ग्रँड. नो बॉदर," तो म्हणाला, म्हणजे काही हरकत नाही. आवाजात काही फरक पडला नाही, हसूही तसंच होतं. फक्त त्याचे पाय वळले. शेजारच्या फाटकाशी पोचला तेव्हा माझं अर्धं वाक्य तोंडातच होतं. ज्यांना आम्ही मत देऊ शकत होतो त्यांच्या हातात शाळा नव्हती, आणि ज्यांच्या हातात ती होती त्यांना आमची गरज नव्हती. एवढं साधं गणित कळायला मला दोन निवडणुका लागल्या.

निकाल लागले, खांबांवरचे चेहरे उतरले. पार लांब, मेनूथच्या पलीकडल्या एका शाळेत जागा होईल असं वाटलं होतं, तीही त्यांच्याच भागातल्या मुलाला गेली. ते रास्तच होतं. मुलाला आपल्या परिसरात शाळा मिळावी, हे धोरण मीच डोळे मिटून मान्य केलेलं होतं.

त्यानंतर एका सकाळी बेल वाजली. केक भरायचे पुठ्ठ्याचे डबे आले होते. मी सही करून वळले तर मुलगी जिन्याखाली उभी होती. कोट घातलेला, बूट उलट्या पायांत, पण स्वतःचे स्वतः चढवलेले. कोणी सांगितल्याशिवाय ती कधी बूट घालत नाही. मला काहीच उमगेना. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, माझ्या पाठीमागे उघड्या असलेल्या दाराकडे पाहिलं आणि तिच्या त्या इथल्या हेलात म्हणाली, "स्कूल मॅन."

व्हिडिओ कॉलवर सासूबाईंना विचारलं, तेव्हा त्या पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "मीच सांगे तिले. बेल वाजली की शाळेवाले साहेब आले, ते नेतीन म्हणून. मले काय माहीत, तिले समजून राहिलं." आम्हालाही माहीत नव्हतं. तिला काय कळतं आणि काय नाही यावर आम्ही किती डॉक्टरांशी बोललो होतो, आणि ती महिनोन् महिने ते ऐकून मनात धरून बसली होती.

दुसऱ्या दिवशी पुन्हा पार्सल आलं आणि ती पुन्हा बूट घालून आली. तिसऱ्यांदाही आली. दार लावल्यावर ती रडायची नाही, ओरडायची नाही, नुसती चटईवर बसून राहायची, आणि बूट काढू द्यायची नाही. तिथून उठवायला मला दुपार व्हायची.

त्या शनिवारी नवऱ्याने बेलची बॅटरी काढून टाकली. आता पार्सलवाले दारावर टकटक करतात, ते ओव्हनच्या आवाजात मला ऐकू येत नाही, आणि डबे बाहेर पावसात भिजतात.