हिराची पात धरणाऱ्या शकीलाभाभी

शकीलाभाभी आज सकाळी गेल्या.

फोन आला तेव्हा माझ्या तोंडून पहिलं हेच निघालं, "सुटल्या बाई."

दोन वर्षं अंथरुणावर होत्या. कूस बदलायलाही माणूस लागायचं.

नव्वदच्या दशकात बारामतीत आमची एक छोटी संस्था होती. शेतमजुरी करणाऱ्या लेकुरवाळ्या बायकांच्या घरी जायचं, मुलांची वजनं करायची, दूध पावडर, गूळ-शेंगदाणे, जुने कपडे द्यायचे. मी नुकतीच बीए झालेली. वही-पेन माझ्याकडे, वजनकाटा भाभींच्या खांद्यावर.

भाभींच्या मिस्टरांचं टेलरिंगचं दुकान. भाभींचं स्वतःचं वय पन्नाशीचं, गुडघे दुखायचे. तरी दर बुधवारी एसटीनं अंथुर्ण्यापर्यंत आणि पुढे वस्त्यांवर पायी.

संस्थेच्या फोटोंत दिसतं तसं ते काम नव्हतं.
ऊन, धूळ, आणि प्रत्येक दारात तेच. पावडर संपली. पोरगं आजारी. नवरा घरी नाही.
परतताना आम्ही एकमेकींशी बोलायचोही नाही. बोलायला अंगात काही उरायचंच नाही.

हिरा त्यातल्याच एका वस्तीवरची. सासऱ्याच्या काळात घरात मेंढरं होती, ती कधीच गेली. नवरा लोणी देवकरला कंपनीच्या बांधकामावर, महिन्यातून एकदा यायचा. हिरा दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जायची. तीन मुली. धाकटी सहा महिन्यांची, तिचं वजन वाढेचना.

तीन आठवडे काटा तिथंच. चौथ्या आठवड्यात खाली.

पावडर जाते कुठे, म्हणून मी विचारलं.  हिराच्या सासूनं सांगितलं की थोरल्या दोघीही पितात.

मी चिडले. दमलेही होते. तिच्या दारात उभी राहून तिला नको नको ते बोलले. आणि वहीत शेरा लिहिला : आई लक्ष देत नाही, मदत बंद करावी.

मीटिंगमध्ये शेरा मान्य झाला. फक्त भाभी म्हणाल्या की आपण तिच्या घरी जातो ते दिवस कलल्यावर. दिवसभर ती बाई कशी असते, ते कुणी बघितलंय का?

मला मनातून रागच आला.

पुढच्या बुधवारी त्यांनी सकाळची पहिली एसटी धरली. त्यांना एकटीला कसं सोडायचं, म्हणून मीही गेले.

हिरा कांद्याच्या रानात होती. आठ-दहा बायका एका ओळीत, प्रत्येकीला खुरपत पुढे न्यायला आपापली पट्टी. त्याला पात म्हणतात. बांधावरच्या बाभळीला लुगड्याची झोळी, झोळीत ती पोर. रडून रडून तिचा आवाज बसला होता. चार वर्षांची बहीण झोळी हलवत होती.

भाभींनी विचारलं, "पाजत का न्हाईस?"

हिरानं मान वर केली नाही. "पात मागं राहती, भाभी. मागं राहिली की उद्या बोलवत न्हाईत."

दिवसभरात त्या लेकराला एकदाच अंगावर पाजलं जायचं, दुपारच्या भाकरीच्या वेळी. हिराचं दूध आटत चाललं होतं.

आणि मी लिहिलं होतं, आई लक्ष देत नाही.

भाभींनी चपला बांधावर काढल्या. पदर खोचला. हिराच्या हातातलं खुरपं घेतलं.
"जा, पाज तिला. तुझी पात मी धरते."

हिरा उठेना. रानाच्या मालकीण पलीकडून बघत होत्या. भाभी तिकडे न बघता ते दुखरे गुडघे टेकवून खुरपत राहिल्या. सवय नव्हती, तणाबरोबर कांद्याची रोपंही उपटली. मग शेजारच्या बाईनं मुकाट्यानं हिराच्या पातीत हात घातला. मग तिच्या पलीकडचीनं.

हिरा उठली. बाभळीखाली बसली. रडणं थांबलं.

मी वही धरून उभी होते. थोड्या वेळानं मीही खाली बसले.

दुपारी मालकीण चहा घेऊन आल्या. तेव्हा भाभींनी शांतपणे सांगितलं की अंगावर पाजणाऱ्या बायकांना दिवसातून दोन-तीनदा उठू द्या, त्यांचं काम बाकीच्या ओढतील.

"मी कवा न्हाय म्हणलं?" मालकीण म्हणाल्या. "कुणी इचारलंच न्हाय."

त्या हंगामात जमलं. पोर हळूहळू सुधारली. जगली.

सगळीकडे नाही जमलं. काही रानांत आम्हाला बांधावरही उभं राहू दिलं नाही. वडगाव निंबाळकरच्या बाजूला एक बाळ आम्ही पोचायच्या आदल्या दिवशीच गेलं होतं. त्या संध्याकाळी स्टँडच्या बाकड्यावर भाभी म्हणाल्या, "दमले गं. आपल्यानं काय व्हतंय, सांग."


पुढच्या बुधवारी त्या माझ्या आधी येऊन बसल्या होत्या.

काही वर्षांनी संस्था बंद पडली. मी नोकरी-संसारात अडकले. भाभींचे गुडघे पुरते गेले.

वहीतला शेरा मी खोडला होता. पण हिराला त्याबद्दल कधी सांगितलं नाही, आणि भाभींनीही नाही. मागच्या दिवाळीत त्यांना भेटायला गेले तेव्हा विचारलं, भाभी, त्या वेळी तुम्ही मला बोलला का नाहीत?

त्यांचे डोळे मिटलेलेच होते.
"तू बी दमली व्हतीस की गं."

आज दुपारी पुरुष माणसं त्यांना घेऊन गेली. आम्ही बायका आत बसलो होतो. हिरा आली होती. केस पांढरे झालेत. धाकटीला आता दोन मुलं आहेत म्हणाली.

मी तिला सगळं सांगितलं. शेरा, मीटिंग, सगळं.

तिनं ऐकून घेतलं. 
"लई वर्सं झाली, ताई," म्हणाली. आणि एसटी चुकेल म्हणून उठली.

भाभी, फार चाललात.
अल्लाह तुम्हाला विसावा देवो.