द्वोमोच्या डीव्हीडीतलं चाक

आजारी माणसाला सहा वर्षं हातानं भरवलंय कधी तुम्ही? नसेल, तर भरवणारीनंच उपाशी मारलं हे परदेशात बसून कसं कळतं तुम्हाला?

हा प्रश्न मी फोनवरून हाम्बुर्गला विचारला होता. आम्पोन्सेमनं फोन कापला. त्याची आई, अबेना कोनामा, आमच्या बेक्वाय गावी वारली तेव्हा कागदपत्रांपायी त्याला येता आलं नाही. आईला सहा वर्षं सांभाळलं पिनामांगनं. आमच्यात घराणं आईकडून चालतं. पिनामांग कोनामाच्या भावाची मुलगी, म्हणजे कोनामा तिची सख्खी आत्या असूनही ती त्या घराण्याबाहेरची. बाहेरच्या बाईवर आळ घ्यायला फार विचार लागत नाही.

आत्या मरायच्या महिनाभर आधी पिनामांगनंच शूटिंगवाल्या द्वोमोला बोलावलं होतं. ओसरीवर बसून म्हातारीनं लेकाला निरोप सांगितला. पुढे अंत्यविधीचंही शूटिंग त्यानंच केलं, आणि दोन्ही मिळून एक डीव्हीडी हाम्बुर्गला गेली. ती पाहून आम्पोन्सेमनं घराण्याच्या वडीलधाऱ्याला, ओपानिन दुओदूंना, कळवलं: आई काडी झाली होती, मनगटं बघा, हिनं तिला खायला दिलं नाही, सभा बोलवा.

पिनामांग चौकात केंके विकते. मक्याचं पीठ आंबवून पानात उकडलेले गोळे. आत्याला उपाशी मारणारीच्या हातचे गोळे कोण खाईल? आठवड्यातच गिऱ्हाईक अर्ध्यावर आलं. मी तिची शेजारीण; मला चीड आली ती इथल्या लोकांची. अंत्यविधीत प्रेत ठेवतात त्या पितळी पलंगाभोवती फिरून मेलेलीचा चेहरा ज्यांनी स्वतः पाहिला, तेच म्हणू लागले, "होती बाई जरा सुकलेली."

मी तडक द्वोमोच्या दुकानात गेले.

"कोणाचं भूत शूट केलंस रे?"

"बसा आधी, आंटी."

हा माणूस आधी रेडिओ दुरुस्त करायचा. कॅमेरा स्वतःच शिकला. प्रत्येक अंत्यविधीला सुतकाचं काळं कापड नेसून जायचा. कोणी म्हटलं, तुला काय गरज, तर म्हणायचा, "कॅमेरा हातात आहे म्हणून मी परका होत नाही." शेवटचा पाहुणा उठेपर्यंत पाणीसुद्धा प्यायचा नाही.

त्यानं त्याच्या नव्या रुंद टीव्हीवर डीव्हीडी लावली. ओसरीवर कोनामा, भरल्या गालांची.

"सांगा, कुठं सुकलीय?"

कुठंच नव्हती. मग आम्ही तीच डीव्हीडी पिनामांगच्या जुन्या, चौकोनी टीव्हीवर लावली. तीच ओसरी, तीच म्हातारी. गाल आत, मनगटं काटक्या. पिनामांगनं तोंड फिरवलं.

द्वोमोनं म्हातारीकडे पाहिलंच नाही. तो वाकून तिच्या मागे उभ्या असलेल्या गाडीकडे बघत होता. मग त्यानं पडद्यावर बोट ठेवलं.

"चाक बघा, आंटी. अंडं झालंय."

चाक खरंच उभट होतं.

"रुंद कॅमेऱ्याचं चित्र डीव्हीडीवर दोन्ही बाजूंनी दाबून बसवतात," तो म्हणाला. "चित्र रुंद आहे अशी खूण मी करायची होती. नाही केली. माझा टीव्ही सगळंच ताणून दाखवतो, मला कळणार कसं? चौकोनी टीव्हीवर माणसं चिपाडं दिसतात. हाम्बुर्गलाही तसलाच असणार."

"आम्पोन्सेमला बाकीचे चिपाड दिसले नाहीत?"

"एकोणीस वर्षं झाली त्याला जाऊन," पिनामांग म्हणाली. "कोण जाड, कोण बारीक, त्याला काय आठवणार."

"अशा किती घरांना दिल्यास?" मी द्वोमोला विचारलं.

"रुंद कॅमेरा घेतल्यापासून सगळ्यांना. एकतीस." मग म्हणाला, "सभेत सांगितलं तर माझ्याकडे कोण येईल?"

"आणि नाही सांगितलंस तर हिचे गोळे कोण खाईल?"

तो टीव्हीच्या वायरी गुंडाळू लागला.

शनिवारी सभा बसली. द्वोमो काळं कापड नेसून आला, एका हातगाडीवर तो चौकोनी टीव्ही आणि एक पितळी परात घेऊन.

"शूटिंगवाल्याला कोणी बोलावलं?" मागून कोणीतरी टोमणा मारला. "सभेचीही डीव्हीडी काढायचीय का?"

"कोणी नाही बोलावलं. चूक माझी आहे म्हणून आलो." त्यानं चित्र लावून थांबवलं. "ओपानिन, अंत्यविधीला लोकांनी दिलेले पैसे ह्याच परातीत जमवले होते ना?"

"ह्याच."

"आता टीव्हीतली बघा."

म्हातारा चष्मा सावरत पुढे वाकला. "ही परात आहे की शहामृगाचं अंडं? आणि तिच्या शेजारी हा बांबू कोण उभा आहे?"

"तुम्ही, ओपानिन."

बायका पदराआड हसल्या. ओपानिन हसले नाहीत. परातीवरून हात फिरवत राहिले.

"मी तिच्या पलंगाभोवती तीनदा फिरलो होतो," शेवटी ते म्हणाले. "कोनामाचे गाल मी ह्या डोळ्यांनी पाहिले. तरी फोनवर त्या पोराला हो म्हणालो." मग पिनामांगकडे वळले. "पोरी, आज केंके केलंयस?"

"केलंय."

"आण."

सगळ्यांसमोर त्यांनी गोळ्याचं पान उलगडलं आणि अख्खा गोळा संपवला. सभा तिथंच उठली.

द्वोमोनं दुरुस्त केलेली नवी डीव्हीडी पोचल्यावर आम्पोन्सेमचा फोन आला. पिनामांगनं मलाही ऐकू येईल असा धरला.  "ताई, शेवटी शेवटी ती काय खायची?"

"केंकेच. पाण्यात कालवून, मऊ करून. साखर जास्त मागायची."

पलीकडे तो रडत होता. तिनं फोन ठेवला नाही.

द्वोमोचा धंदा त्यानंतर बसला तो बसलाच. पुन्हा रेडिओ उघडून बसला. पण फावल्या वेळात घरोघर जाऊन डीव्हीड्या बदलून देत राहिला. गेल्या वर्षी तो वारला, तेव्हा सव्वीस घरं झाली होती. पाच सापडली नाहीत. त्या पाच घरांत कोणाकोणाला काय ऐकून घ्यावं लागलं असेल, ह्याचा विचार मला झोपू देत नाही.

म्हणून सांगते. तुमच्या कपाटात कोणाच्या शेवटच्या दिवसांची अशी डीव्हीडी असेल, आणि त्यात ते माणूस सुकलेलं दिसत असेल, तर आधी चित्रात एखादं चाक, एखादी परात शोधा. ती गोल नसेल, तर सांभाळणारीचं नाव तोंडात घेऊ नका. आणि गोल असली, तरी आधी तिला फोन करा.