उंबरठ्यावरचं मासिक

"घ्या वहिनी, यात टोपलीतलं लेकरू आहे." सायकलची घंटी दोनदा वाजवून वाचनालयवाले भाऊ मासिक उंबरठ्यावर ठेवायचे. हातात कधीच नाही. त्यांच्या घरच्यांनी छप्पन्न साली बौद्ध धर्म घेतला होता आणि सासूबाई मासिकावर पाणी शिंपडूनच ते आत घेत. चिकटलेली पानं सोडवत मी वाचायची.

सायकलवर वाचनालय चालवणारा असा माणूस तुमच्याही गल्लीत कधीकाळी येत असेल. आमच्या नागपूरच्या या भाऊंच्या मते जगात गोष्टी चारच. "नदीत सोडलेलं लेकरू, उघडू नका म्हटलेलं दार, मेलेल्याले आणाले पाताळात गेलेला, अन् कोंडलेली पोरगी. कोणत्याबी देशाचं पुराण घ्या. आता नायक पॅन्ट घालून राहिला, एवढाच फरक."

मी बाविशीची, बीए झालेली. बीएडला जायला घरातून सक्त मनाई. म्हणजे कोंडलेली पोरगी मीच, हे मी ठरवूनच टाकलं. मुखपृष्ठावरच्या बाईसारखी मान तिरकी करून खिडकीत उसासे टाकायची. मान तेवढी अवघडायची.

एकदा भरलेला फॉर्म मी परतीच्या मासिकात लपवला. "भाऊ, उद्या शेवटची तारीख आहे. कॉलेजात एवढा द्या ना."

त्यांनी तो काढून उंबरठ्यावर ठेवला. "मी नाही नेत."

"काहून?"

"कडी आतून आहे वहिनी. तुम्ही बाहेर पाय टाकला तर लोक चार दिवस बोलतीन. मी तुमच्या घरात हात घातला, तर मले या गल्लीत कोण येऊ देईन?"

घाबरट कुठले, असं मी मनात म्हटलं. राजपुत्र म्हणून नेमलेल्या माणसानं राजीनामा दिला होता ना. दुसऱ्या दिवशी त्याच रागात कडी काढली आणि पायीच निघाले. महिनाभर घरात माझ्याशी कोणी बोललं नाही. पण मास्तरीण झाले.

पुढं वर्गात मी ऐटीत सांगायची, कोंडलेल्या पोरीनं कडी स्वतः काढली म्हणून. घरी आले की मासिक उंबरठ्यावर असायचं. सासूबाई गेल्या, पाणी शिंपडणं बंद झालं. 'भाऊ, आत या, चहा घ्या,' म्हणायला आता मला कोणाची बंदी नव्हती. तरी मी दारात उभी राहून वाकायची, मासिक उचलायची. वर्षानुवर्षं. एवढी शिकलेली मी.

मग घरोघरी टीव्ही आले आणि एका आठवड्यात घंटी वाजलीच नाही, पुढंही कधी नाही. ते राहायचे कुठे, हेही मी कधी विचारलं नव्हतं.

आता मी दार दिवसभर सताड उघडं ठेवते. शेजारीण विचारते, "कोण येऊन राहिलं वं आजी?"

मी म्हणते, "कोणी नाही." आणि दोन कपांचं आधण ठेवते.